घरट्यातली शिदोरी
(रानपाखरांच्या पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती)

द्वितीय वर्ष, कला

२०२० साली करोनाची साथ आली आणि ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द घराघरांत पोहोचला. पूर्वी तो पुस्तकात असे. आता तो काढ्याच्या पातेल्यापाशी, लशीच्या रांगेत आणि एस.टी.च्या बाकावरही ऐकू येऊ लागला. परंतु हा शब्द उच्चारताना आपल्या मनात विचार असतो तो फक्त माणसाचा. धाटावच्या रस्त्यावर तारांवर ओळीने बसणारे कावळे, कुंडलिकेच्या काठी मासा टिपणारे बगळे, खारेपाटात ओरडत फिरणाऱ्या टिटव्या यांनाही रोग होतात, त्यांच्यातही साथी येतात आणि त्यांच्या पिल्लांनाही जन्मल्या क्षणापासून जंतूंना तोंड द्यावे लागते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. चिमणीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर पीस नसते, डोळे मिटलेले असतात, मानही धरवत नाही. त्याच्यासाठी ना लस, ना दवाखाना. घरट्यात उवा आणि पिसवा, भोवती दमट हवा आणि डास. तरीही दरवर्षी नवी पाखरे उडतातच. ही पिल्ले तगतात ती कशाच्या बळावर, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने प्राणिशास्त्राच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या परसातच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आईची शाळा म्हणजे शेत आणि कोंबड्यांचे खुराडे. गावठी कोंबड्या ती वर्षानुवर्षे पाळते आहे. मानमोडीची एक साथ येऊन गेल्यावर तिने मला विचारले, “मागच्या साथीतून वाचलेल्या कोंबडीची आठ दिवसांची पिल्लं जगली, आणि महिन्या-सव्वामहिन्याची, चांगली दाणा टिपणारी पिल्लं मेली. लहान जगतं नि मोठं मरतं, हे उलटं कसं गं?” या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी रानपाखरांच्या घरट्यापर्यंत पोहोचले. कारण खुराड्यातले पिल्लू काय आणि झाडावरचे पिल्लू काय, दोघांच्या रक्षणाची तऱ्हा मुळात एकच आहे.

अंड्यात बांधून दिलेली शिदोरी

गाय व्याली की वासराला पहिला चीक पाजतात. तो चुकला तर वासरू रोगी निघते, हे आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. त्या चिकातून गायीच्या रक्तातील रोगविरोधी द्रव्ये वासराला मिळतात. या द्रव्यांना ‘प्रतिपिंडे’ म्हणतात. प्रतिपिंड म्हणजे रक्तात तयार होणारे एक प्रथिन. एका ठरावीक जंतूला ओळखायचे, त्याला चिकटायचे आणि निकामी करायचे, हे त्याचे काम. देवीचे प्रतिपिंड हिवतापाला उपयोगी नाही. ज्या कुलपाची जी किल्ली, तीच तेथे चालते.

पक्षिणीला आचळ नाही. पिल्लाला जे काही द्यायचे ते अंड्याला कवच धरण्याच्या आतच द्यावे लागते. म्हणून तिने ही व्यवस्था अंड्यातच केलेली आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. ते जंतूंची भिंत फोडते. पुढे पेनिसिलिनमुळे जगप्रसिद्ध झालेले अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली याच द्रव्याचा शोध जाहीर केला होता. याखेरीज पांढऱ्यातले एक प्रथिन लोह धरून ठेवते, त्यामुळे आत शिरलेल्या जंतूला वाढायला लागणारे लोह मिळत नाही. पांढरा भाग हा अशा रीतीने अंड्याचा कोट आहे.

खरी शिदोरी मात्र बलकात असते. १८९३ साली जर्मनीत फेलिक्स क्लेम्पेरर यांनी कोंबड्यांना धनुर्वाताच्या विषाविरुद्ध तयार केले, आणि त्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या बलकातही धनुर्वाताला विरोध करणारी शक्ती उतरते, असे दाखवून दिले. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बलकात साठतात, बलकातून भ्रूणाच्या रक्तात जातात. पिल्लू बाहेर पडण्याच्या सुमारास उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो. एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून दूरच्या गावी पाठवली तरी दाण्यापाण्यावाचून ती तगतात, हे पोल्ट्रीवाल्यांना माहीत असते. त्याचे कारण हाच पोटातला बलक. तो नुसते अन्न पुरवीत नाही, आईची प्रतिपिंडेही पुरवीत राहतो.

यात एक मर्यादा आहे. आईने जो रोग भोगला किंवा ज्या जंतूची तिची गाठ पडली, त्याचीच प्रतिपिंडे तिच्यापाशी असतात आणि तीच ती देऊ शकते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर किटिवेक नावाचा कुरव जातीचा समुद्रपक्षी कड्यांवर वसाहत करून राहतो. तेथे गोचिडांमुळे लाइम नावाच्या रोगाचे जंतू पसरतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, जेथे गोचिडी फार, तेथल्या माद्यांच्या अंड्यांत त्या जंतूची प्रतिपिंडे अधिक होती. पिल्लू ज्या गावात जन्मणार, त्या गावच्या रोगांची माहिती आई त्याला जन्माआधीच देऊन ठेवते, असा याचा अर्थ.

कोकिळेच्या बाबतीत हा विचार मोठा मनोरंजक ठरतो. कोकिळेचे पिल्लू कावळीच्या घरट्यात वाढते, कावळीच्या चोचीतला घास खाते. परंतु अंड्यातली शिदोरी मात्र कोकिळेनेच बांधून दिलेली असते. सांभाळ परक्या घरी, पण प्रतिपिंडे स्वतःच्या आईची.

उपजत पहारा

आईची शिदोरी हे पहिले संरक्षण झाले. दुसरे संरक्षण पिल्लाच्या स्वतःच्या अंगात उपजतच असते. कातडी, आतड्याचे अस्तर, पोटातील आम्ल, रक्तात फिरणाऱ्या आणि सापडेल तो जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी हे सारे त्यात येते. जखम झाली की तेथे सूज येते, ती याच पहाऱ्याची खूण. गावच्या राखणदाराला चोराचे नाव-गाव ठाऊक नसते. अनोळखी माणूस दिसला की तो हटकतो. भक्षक पेशींचे तसेच आहे. त्या लगेच धावून येतात, हा त्यांचा गुण. पण जुन्या शत्रूची नेमकी आठवण त्या ठेवीत नाहीत, ही त्यांची उणीव.

नेमकी आठवण ठेवणारी व्यवस्था तिसरी. ती पिल्लाला शिकून मिळवावी लागते. ती कोठे शिकवली जाते, याचा शोध लागण्याची कथा विद्यार्थ्यांनी तर वाचावीच अशी आहे.

एका पिशवीची कथा

इटलीतील पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे शरीरशास्त्राचे मोठे अध्यापक होऊन गेले. रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडणारे विल्यम हार्वे हे त्यांचे शिष्य. १६१९ साली फॅब्रिशियस वारले व १६२१ साली त्यांचा अंडे आणि पिल्लू यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोंबडीच्या गुदद्वाराच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहानशा पिशवीचे वर्णन त्यात आहे. नराचे वीर्य साठवण्याची ती जागा असावी, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क पुढे टिकला नाही. पिशवीला मात्र त्यांचे नाव चिकटले. ही पिशवी करते काय, हे सव्वातीनशे वर्षे कोणालाच उलगडले नाही.

१९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा तरुण विद्यार्थी याच पिशवीचा अभ्यास करीत होता. कोवळ्या पिल्लांची पिशवी काढून टाकायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे, असा त्याचा प्रयोग. पिल्ले वाढली, धडधाकट दिसू लागली. फरक काही दिसेना. त्याचा सहाध्यायी टिमथी चांग याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. जंतू टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडे कशी तयार होतात, ते त्याला दाखवायचे होते. ग्लिकच्या कोंबड्यांपैकी काही त्याने नेल्या. प्रात्यक्षिक फसले, कित्येक कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. टिपणे काढून पाहिली तेव्हा ध्यानात आले, की फसलेल्या कोंबड्या त्याच होत्या, ज्यांची पिशवी लहानपणीच काढलेली होती.

या दोघांनी आपला निबंध ‘सायन्स’ या ख्यातनाम नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. अखेर १९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’ या कोंबडीपालनाच्या मासिकात तो छापून आला. तेथे तो मानवी वैद्यकाच्या संशोधकांच्या नजरेस पडायला काही वर्षे गेली. १९६५ साली मॅक्स कूपर, रॉबर्ट गुड व त्यांचे सहकारी यांनी कोंबडीच्या पिल्लांवरच प्रयोग करून दाखवले, की प्रतिकारशक्तीचे दोन स्वतंत्र हात आहेत. एक हात या पिशवीत घडतो आणि प्रतिपिंडे तयार करतो. दुसरा थायमस नावाच्या ग्रंथीत घडतो आणि रोगग्रस्त पेशींचा समाचार घेतो. पक्ष्यांत ही ग्रंथी मानेच्या दोन्ही बाजूंना माळेसारखी पसरलेली असते. इंग्रजीत पिशवीला ‘बर्सा’ म्हणतात. तिच्या आद्याक्षरावरून पहिल्या पेशींना ‘बी पेशी’ हे नाव मिळाले आणि थायमसवरून दुसऱ्यांना ‘टी पेशी’. माणसाला ही पिशवी नाही. आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात घडतात. तरी आज माणसाच्या तपासणीच्या कागदावर ‘बी’ हे अक्षर दिसते, ते कोंबडीच्या पिल्लाकडून आलेले आहे.

या पिशवीला पिल्लाची शाळाच म्हणावे लागेल. पिल्लू अंड्यात असतानाच काही पेशी तेथे येऊन दाखल होतात, वाढतात, आणि प्रत्येक पेशी आपापली वेगळी किल्ली घडवते. पिल्लू बाहेर आल्यावर घरट्यातील धूळ, घाण, अन्न यांबरोबर येणारे जंतूंचे अंश त्या पिशवीपर्यंत पोहोचतात. तयार झालेल्या पेशी तेथून बाहेर पडून प्लीहेत व आतड्याच्या भिंतीत ठाण मांडतात. पाखरू वयात आले की ही पिशवी आक्रसते आणि पुढे नाहीशी होते. रानातील पक्षी यंदाचा की जुना, हे ठरवण्यासाठी अभ्यासक या पिशवीची खोली मोजून पाहतात, ती यामुळेच. शाळा बालपणीच भरते आणि बालपणाबरोबरच सुटते.

मधला उघडा काळ

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. मागच्या साथीतून वाचलेल्या कोंबडीच्या रक्तात मानमोडीची प्रतिपिंडे होती. (शास्त्रात या रोगाला आपल्याकडे राणीखेत म्हणतात, बाहेर तो न्यूकॅसल रोग म्हणून ओळखला जातो.) तिच्या आठ दिवसांच्या पिल्लांच्या अंगी आईची शिदोरी अजून शिल्लक होती, म्हणून ती वाचली. महिन्या-सव्वामहिन्याच्या पिल्लांची शिदोरी संपून गेली होती. कोंबडीच्या पिल्लात आईची प्रतिपिंडे साधारणपणे तीन-चार आठवड्यांत सरतात. त्यांची स्वतःची शाळा सुरू झालेली होती खरी, पण मानमोडीचा धडा त्यांनी अजून घेतला नव्हता. आधीचे सरले आणि नवे मिळाले नाही, अशा उघड्या काळात साथीने त्यांना गाठले. यात उलटे काहीच नव्हते.

मग सर्व पिल्लांना पहिल्याच दिवशी भरपूर लस का देऊ नये? येथे एक पेच आहे. आईची प्रतिपिंडे रक्तात भरपूर असताना लस दिली, तर ती प्रतिपिंडे लशीतल्या जंतूलाच निकामी करतात आणि पिल्लू काहीच शिकत नाही. आईचे संरक्षण असते तोवर शिकण्याला अडथळा, आणि ते गेले की धोका. म्हणून पोल्ट्रीत लशीचे दिवस मोजून ठरवलेले असतात. मानमोडीची पहिली लस साधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आणि नंतर पुन्हा उजळणी.

गंबोरो रोगाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. अमेरिकेतील डेलावेअर राज्यातील एका ठिकाणाच्या नावावरून १९६२ पासून तो ओळखला जातो. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तो गाठतो आणि त्याचे विषाणू नेमके त्या पिशवीवरच हल्ला करतात. जी पिल्ले वाचतात त्यांचीही शाळा जळालेली असते. पुढे दिलेल्या लशी त्यांना नीट लागत नाहीत आणि किरकोळ आजारही त्यांना जड जातो.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आपल्यासारख्यांना हा उघडा काळ समजावून सांगायला नको. घरची शिदोरी वाटेत केव्हातरी संपते. पुढचे आपले आपण मिळवायचे असते, आणि मिळेपर्यंतचे दिवस कठीण असतात.

वाढावे की लढावे?

कोंबडीवरून रानपाखरांकडे वळावे हे योग्य काय? गावठी कोंबडी ही मूळची रानकोंबडीच. तिचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियाकडील लाल रानकोंबडा होय. पण २००८ साली असेही दिसून आले, की अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग हा आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. तेव्हा नाते जवळचे आहे. परंतु सर्व पक्ष्यांची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांसारखी नसतात.

टिटवीचे पिल्लू जवळजवळ चार आठवडे अंड्यात राहते आणि बाहेर येताच लव घेऊन, उघड्या डोळ्यांनी पळू लागते. चिमणीचे पिल्लू दोन आठवड्यांच्या आतच अंडे फोडते. तेव्हा त्याचे वजन जेमतेम दोन ग्रॅम. पुढच्या दोन आठवड्यांत ते दहापटीहून अधिक वाढते आणि उडून जाते. एवढ्या घाईत आईची शिदोरीही लवकर सरते. वाढत्या रक्तात ती पातळ होत जाते. रॉबर्ट रिकलेफ्स यांनी १९९२ साली असे मांडले, की जे पक्षी अंड्यात अधिक काळ राहतात त्यांच्या रक्तात परजीवी जंतूंचे प्रमाण कमी आढळते. सावकाश घडलेली प्रतिकारशक्ती अधिक पक्की असावी, हे त्यामागचे अनुमान.

मुद्दा असा, की पिल्लापाशी अन्न एकच आणि खर्च दोन. पिसे, हाडे, स्नायू वाढवायचे ते त्याच घासातून, आणि पेशी व प्रतिपिंडे घडवायची तीही त्याच घासातून. हे प्रयोगानेही सिद्ध झाले आहे. हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर शेकड्यांनी बसणारी माळभिंगरी उन्हाळ्यात युरोपात वीण करते. इटलीतील अभ्यासकांनी तिच्या पिल्लांवर केलेले काम १९९७ साली प्रसिद्ध झाले. काही घरट्यांत त्यांनी पिल्लांची संख्या वाढवली, आणि काही पिल्लांना वरचे अन्न भरवले. मग पिल्लांच्या पंखाच्या पातळ कातडीत एक निरुपद्रवी द्रव्य टोचून तेथे किती सूज येते ते मोजले. सूज चांगली आली तर टी पेशी तयारीच्या आहेत असे समजायचे. जेथे तोंडे अधिक झाली तेथे सूज कमी आली. ज्यांना जास्त घास मिळाला त्यांना ती चांगली आली. प्रतिकारशक्ती ही शेवटी पोटातून येते, हे म्हणणे पाखरांच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्यावयाचे तर सुगरणीचे घेता येईल. १९३० साली डॉ. सालीम अली यांनी अलिबाग तालुक्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले; पुढच्या वर्षी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. घरटे विणतो तो नर. मादी येऊन ते पसंत करते. मग नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. परिणामी अंडी उबवणे आणि पिल्ले भरवणे हा भार मुख्यतः मादीवर पडतो. सुगरण स्वतः दाणे खाते, परंतु पिल्लांना नाकतोडे, अळ्या असे किडे भरवते. कोवळ्या अंगाला प्रथिने हवीत. वीण असते ऐन पावसाळ्यात, भातशेतीच्या दिवसांत. शेतात किडे मिळाले नाहीत, तर त्या पिल्लाचे फक्त वजन घटत नाही. त्याची शाळाही उपाशी राहते.

दुसऱ्या टोकाला गिधाड. आपल्या रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात गिधाडांचे संरक्षण करण्याचे काम चालत आले आहे. गिधाडीण वर्षाला एकच अंडे घालते, ते सुमारे सात आठवडे उबवावे लागते, आणि पिल्लू तीन महिन्यांहून अधिक काळ घरट्यात राहते. कुजलेल्या मांसावर जगणाऱ्या या पक्ष्याची रोगाशी झुंजण्याची ताकद विलक्षण आहे. तरी गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने भारतातील गिधाडे लाखांनी मेली. २००४ साली हे कारण उघडकीस आले आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. प्रतिकारशक्ती जंतूला ओळखते. औषधातल्या विषाला तिच्यापाशी किल्ली नाही. एवढ्या सावकाश वाढवलेले एकुलते एक पिल्लू माणसाच्या एका चुकीपुढे टिकत नाही, हे यातून शिकण्यासारखे आहे.

घरटे आणि आईबाप

अंडे घातल्यानंतर आईबापांच्या हाती काहीच उरत नाही असे मात्र नाही. पारवे आणि होले आपल्या पिल्लांना पहिले काही दिवस गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट पदार्थ भरवतात. त्यात प्रतिपिंडेही असतात; आणि हे ‘दूध’ नर व मादी दोघेही देतात. कोलकात्यातील चिमण्या घरट्यात कडुनिंबाची पाने आणून घालतात, आणि त्यामुळे घरट्यातील किडींना आळा बसत असावा, असे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेले आहे. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या आपल्या आजीचीच ही युक्ती.

डासांपासून बचाव मात्र कठीण. पक्ष्यांनाही हिवताप होतो. किंबहुना हिवताप डासांमुळे पसरतो, याचा पूर्ण पुरावा १८९८ साली रोनाल्ड रॉस यांनी कोलकात्यात मिळवला तो पक्ष्यांच्या हिवतापावरून. ज्या पिल्लाच्या अंगावर पीस नाही ते डासाला आयतेच सापडते. जे वाचते ते रक्तात थोडे जंतू बाळगूनही पुढे बरीच वर्षे जगू शकते. शत्रूला पुरते मारता आले नाही तरी आवरून धरणे, हीसुद्धा प्रतिकारशक्तीच होय.

याचा आपल्याशी संबंध काय?

२००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याच जिल्ह्यात उरण तालुक्यातील चिरनेरपर्यंत आला. या विषाणूंचे मूळ घर म्हणजे रानातील पाणपक्षी. बदकांच्या अंगात त्यांचे सौम्य प्रकार नेहमी फिरत असतात. अभ्यासातून असे दिसले आहे, की विणीचा हंगाम संपता संपता हे विषाणू सर्वांत जास्त सापडतात ते त्या वर्षी जन्मलेल्या बदकांत. शिदोरी संपलेली, धडा न घेतलेला, असा तरुणांचा मोठा जमाव दरवर्षी नव्याने तयार होतो आणि साथीला त्यातून वाट मिळते. म्हणजे पिल्लांच्या अंगातला तो मधला उघडा काळ हा पाखरांचा खासगी प्रश्न नाही. तो आपल्या खुराड्याच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

तेव्हा आपण काय करावे? झाडाखाली धडपडणारे पिल्लू दिसले की उचलून घरी न्यावे असे आपल्याला वाटते. ते बहुधा अनाथ नसते; उडायला शिकणारे असते आणि आईबाप जवळच असतात. घरी नेल्याने त्याचा योग्य घास जातो, आणि खुराड्यातील रोग त्याला व त्याचे रोग खुराड्याला लागण्याची भीती राहते. अगदीच धोक्याच्या जागी असेल तर जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हावे. बगळ्यांची घरटी असलेले झाड विणीच्या दिवसांत तोडू नये; त्रास वाटला तरी पिल्ले उडेपर्यंत थांबावे. घरच्या कोंबड्यांना लस वेळच्या वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यातून द्यावी. आणि कावळे किंवा बगळे एकाएकी मरून पडलेले दिसले तर हात न लावता तेथे कळवावे. भातावर औषध मारायचे ते गरजेपुरतेच, कारण मेलेल्या किड्यांबरोबर कुणाच्या तरी पिल्लाचा घास जातो.

सारांश, रानपाखराचे पिल्लू तीन आधारांवर जगते. आईने बांधून दिलेली शिदोरी, अंगचा उपजत पहारा, आणि स्वतः घेतलेले शिक्षण. पहिला आधार लवकर संपतो, दुसरा पुरेसा नसतो, तिसऱ्याला वेळ आणि अन्न लागते. वेळ आणि अन्न या दोन गोष्टी पिल्लाच्या हाती नाहीत. पुष्कळशा आपल्या हाती आहेत. येत्या विणीच्या हंगामात कॉलेजच्या वाटेवरील एखादे घरटे दुरूनच पाहावे, हात न लावता. त्या काटक्यांच्या आत एक शाळा भरलेली असते, आणि तिची सुट्टी व्हायला अजून थोडे दिवस हवे असतात.